पिंगळ्याची मान

रात्रीचे दहा वाजले. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

भाचा सकाळी गेला. दोन दिवस होता, घर भरल्यासारखं होतं, त्याबद्दल नंतर कधीतरी. मन अडलंय ते काल संध्याकाळच्या एका वाक्यावर. आम्ही दोघं परसात उभे होतो. वठलेल्या आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळा, ते छोटं घुबड, येऊन बसला, अगदी नेहमीच्या वेळेला. माझ्याकडे बघून त्याने मान खाली-वर केली, मग डोकं एका बाजूला सरकवलं, पुन्हा खाली-वर. मी कौतुकाने म्हटलं, "बघ, रोज अशी ओळख देतो मला."

"अगं मावशी, ओळख नाही देत तो. अंतर मोजतोय तुझं."

एवढंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. पाखरांबद्दल तो किती आपुलकीने बोलतो ते मला माहीत आहे. मग त्याने नीट समजावून सांगितलं. घुबडांचे डोळे आपल्यासारखे गोटीसारखे गोल नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि हाडांच्या कड्यात घट्ट बसलेले असतात. ते खोबणीत फिरत नाहीत. म्हणून जे काही बघायचं ते मान फिरवून. आपल्या मानेत ७ मणके, त्यांच्या मानेत १४, म्हणून ती २७० अंशांपर्यंत वळते. आणि डोकं खाली-वर करायचं ते एवढ्यासाठी की, डोकं हललं की जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी दिसते, लांबची कमी. त्यावरून समोरचं नेमकं किती दूर आहे ते त्याला कळतं. माझा विश्वास बसेना तर मला एक डोळा मिटून डोकं हलवायला लावलं. खरंच, जवळची डहाळी विहिरीच्या कठड्यावरून इकडून तिकडे गेली आणि कठडा जागचा हलला नाही.

मला पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं.

दोन पावसाळे झाले मी त्या ढोलीपुढे उभी राहते आहे. दिवेलागणीच्या आधी जायचं, "आलास का" म्हणायचं, त्याने मान हलवायची, मग मी आत यायचं. दिवसभरात आपल्याला कुणीतरी पाहिलं असं वाटायला तेवढी एकच जागा होती. आता ती मानही माझ्यासाठी नव्हती म्हणे. एखादा उंदीर जाळीत हलला तरी तो तसंच करणार, मांजर आलं तरी तसंच. म्हणजे मी दोन वर्षं एका मोजमापाला उत्तर देत होते.



सकाळी भाच्याला वाटेला लावून परतताना कुंपणापलीकडच्या सुक्या झाडावर सर्पगरुड बसलेला दिसला. दोन कोतवाल त्याच्या डोक्यावर झेप घेत होते, अगदी पिसांना चोच लागेल इतके खाली येत होते आणि हा ढिम्म. एकदाच तुरा फुलवला, बाकी नजर खालच्या गवतावर. ते पिवळे डोळे माझ्यावरून गेले, क्षणभरही थांबले नाहीत. थोड्या वेळाने उठला, दोन-तीन घेर घेत वर गेला. पंखांखालचा पांढरा पट्टा उन्हात लखलखला, मग ती त्याची लांबवर ऐकू जाणारी शीळ. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. त्याच्या लेखी मी नाहीच. आजवर त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माळ्यावरच्या गव्हाणी घुबडाचंही नाही. ते तर माझ्या डोक्यावरून जातं तेव्हा वाऱ्याची झुळूकही लागत नाही. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला बारीक दात्यांची झालर असते, तिने हवा कापली जाते पण आवाज होत नाही. खाली त्याने ओकलेल्या केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. एक भिजवून उकलली होती, आत उंदराच्या कवट्या, जबडे, बरगड्या, सगळं स्वच्छ. मी त्या गोळ्या जपून ठेवते, पण त्या घुबडाकडून मला काही नको असतं.

मग पिंगळ्याकडूनच का?

दिवसभर हाच विचार. काम करताना, विहिरीवर, दुपारी पडल्यावर. मला वाटतं त्याचा चेहराच कारण आहे. साळुंकीएवढा जीव, पण चेहरा माणसाचा. साळुंकीचे डोळे दोन बाजूंना, ती एका डोळ्याने बघते आणि तिरकी होते. याचे दोन्ही डोळे समोर, वर पांढऱ्या भुवया. असा चेहरा आपल्याकडे वळला की आपण त्याला बोलताच येतं असं धरून चालतो. त्यात तो मान हलवणार. दोष कुणाला द्यायचा?

कावळे माणसं ओळखतात, हे मला माहीत आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं तरी कावळे अंगावर येऊन कलकलाट करायचे. वर्षं गेली तरी विसरले नाहीत. दुपारी मला त्या लोकांचा हेवा वाटत होता. संध्याकाळपर्यंत तो ओसरला. ओळखलं खरं, पण पकडणारा म्हणून. तशी ओळख मला हवी आहे का? पिंगळ्याला मी कधी धरलं नाही, ढोलीत हात घातला नाही, पिल्लं असतानाही लांबूनच पाहिलं. माझी आठवण ठेवावी असं मी त्याचं काही केलेलंच नाही.

आणि मग तो रानपिंगळा आठवला, पिंगळ्याचाच जंगलातला भाऊबंद. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा कुणाला मिळाला नव्हता. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ सापडला, उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या. ११३ वर्षं. एवढ्या काळात त्याच्या कितीतरी पिढ्या ढोलीत वाढल्या असतील, त्यांनी सरडे धरले असतील, सकाळच्या उन्हात अंग शेकलं असेल. माणसांच्या यादीत आपण नाही, याने त्याचं काहीही अडलं नाही. हे आधीही माहीत होतं मला, पण आज पहिल्यांदा त्या पाखराच्या बाजूने विचार केला आणि जरा मोकळं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही.

तरी आज परसात जायचं नाही असं ठरवलं होतं. आतच बसले. उजेड उतरला तशी बाहेर चिर्र-चिर्र-चिरवाक सुरू झालं, आधी एकाचं, मग जोडीदाराचं, मग दोघांचं एकमेकांत मिसळून गेलेलं. बसवेना. निघताना जुनी वही सोबत घेतली.

वहीत सुरुवातीला मी पावलं मोजून लिहायचे, तो मला किती जवळ येऊ देतो ते. विसरूनच गेले होते. पहिल्या पानावर आहे, "२५ पावलांवर उडाला." पुढे, "२१. उडाला." मग, "१८. उडाला नाही, आत सरकला." पहिल्या पावसाळ्यानंतर, "१४. बसून राहिला, मान हलवली." त्यानंतर मी मोजणं सोडून दिलेलं दिसतं. बहुधा त्याच सुमाराला मी "आलास का" म्हणायला लागले.

म्हणजे अंतर तो मोजत होता तशी मीही मोजत होते. आणि माझं अंतर दर वेळी मोजून, बघून, तो बसून राहिला होता. त्याला उडता येत होतं. त्या पहिल्या पानावर तर तो उडालाच होता.

मी नेहमीच्या जागेवर थांबले. त्याने मान खाली-वर केली. मी काही बोलले नाही. एक पाऊल पुढे टाकलं. डोकं डावीकडे, पुन्हा खाली-वर. आणखी एक. आता भुवयांच्या मधलं पांढरं नीट दिसत होतं, छातीवरचे तपकिरी ठिपके दिसत होते. तिसरं पाऊल मी टाकलं नाही, टाकता आलं असतं तरी. पलीकडे जोडीदाराने ढोलीतून डोकं काढलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि परत आत गेली. की गेला, ते मला अजून ओळखू येत नाही.

मी उभी होते तिथून आंब्याच्या बुंध्यापर्यंत पावलं मोजायची तर पुढे जावं लागलं असतं आणि तो उडाला असता. म्हणून पूर्ण अंधार पडून तो शिकारीला जाईपर्यंत तिथेच थांबले. पाय भरून आले. मग बॅटरी लावून मोजली.

९.

वहीत लिहिलं, पुढे तारीख घातली. त्याखाली भाच्याने सांगितलेलं सगळं उतरवून काढलं, मणक्यांसकट.