दाखवायला जाणे आणि गोळ्या न्यायला येणे

गणेश चतुर्थीच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास क्वार्टरच्या दारावर थाप पडली, तेव्हा पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षे वैद्यकीय अधिकारी आहे. मुंबईचे चाकरमानी उतरल्यामुळे गावे भरलेली असतात, म्हणून या आठवड्यात आमच्याकडे कोणालाही रजा मिळत नाही. बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर सहासष्ट वर्षांच्या एक बाई सुनेच्या मांडीवर डोके टाकून पडल्या होत्या. त्यांना मी काकी म्हणते. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी त्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात, आणि येताना पदराआड सोलांची नाहीतर वाळवलेल्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पुडी असते. त्या काकींचा उजवा हात लुळा पडला होता, जबडा घट्ट मिटला होता आणि हाकेला ओ नव्हती.

"पॅरालिसिसचा अटॅक आहे, मॅडम," मुलगा म्हणाला. "आम्ही बांबोळीलाच निघालोय. वाटेत धोका नको म्हणून एक इंजेक्शन तेवढे द्या."

बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आमच्याकडचा माणूस गंभीर झाला की गाडीचे तोंड दक्षिणेकडे वळते, आणि त्यात गैर काहीच नाही, कारण तिथून बरी होऊन आलेली कितीतरी माणसे मला रोज भेटतात. मात्र 'वाटेत एक इंजेक्शन' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आरोग्य केंद्र म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरचा एक थांबा, अशीच लोकांची समजूत झाली आहे असे मला वाटते. त्या क्षणी माझे लक्ष होते ते काकींच्या घामाकडे. पावसाळी गार पहाटे त्यांच्या केसांतून पाणी निथळत होते आणि साडी पाठीला चिकटली होती. पाच मिनिटे थांबा, असे मी मुलाला जरा चढ्या आवाजातच सांगितले. गाडीतल्या एका नातेवाइकाने, इथे मशीन तरी कुठली आहे, असे विचारलेले मला ऐकू आले.

मशीन होती, आणि ती तळहाताएवढी होती. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या हा कोकणातल्या पावसाळ्यात जिवाला घोर लावणारा विषय आहे. बाटलीचे झाकण दहा मिनिटे उघडे राहिले तरी दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि आकडा भलताच येतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असते, आणि झाकण नीट न लावणाऱ्या माणसाला, मग तो कोणीही असो, मी बोलल्याशिवाय राहत नाही. काकींचे बोट बर्फासारखे गार होते आणि थेंब काढायला मुळापासून दाबत यावे लागले. पट्टीने रक्त ओढून घेतले, पाच सेकंद गेले आणि आकडा उमटला ३४. शंभर मिलिलिटर रक्तात ३४ मिलिग्रॅम साखर. ७० च्या खाली गेली की आम्ही सावध होतो.

साखर इतकी खाली गेली की मेंदू उपाशी पडतो, आणि क्वचित अर्धे अंग लुळे पडून हुबेहूब पक्षाघाताचे चित्र दिसते. साखर वेळेत मिळाली तर गेलेला हात परत येतो. बांबोळीचा रस्ता अडीच ते तीन तासांचा आहे, आणि तेवढा वेळ उपाशी राहिलेल्या मेंदूत मागे काय उरले असते, याचा विचार मला अजूनही करवत नाही.

आमच्या सिस्टरने मोबाइलच्या उजेडात मनगटाजवळची शीर शोधली आणि पहिल्याच प्रयत्नात बावीस नंबरची सुई बसवली. हे काम किती अवघड असते ते घामाने थबथबलेल्या, शिरा आत ओढल्या गेलेल्या म्हाताऱ्या हातावर ज्याने प्रयत्न केला असेल त्यालाच कळेल. या बाईंच्या हाताला जे कसब आहे त्याची नोंद कोणत्याही मासिक अहवालात होत नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे पाणी, शिरेला झोंबते आणि शिरेबाहेर गेले तर कातडी जाळते, म्हणून ते सलाइनच्या चालू धारेतून सावकाश सोडावे लागते. शंभर मिलिलिटरची बाटली अर्ध्यावर आली तेव्हा काकींनी उजव्या हाताची बोटे हलवली. बाटली संपता संपता डोळे उघडले, आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "गणपती हाडलो काय रे?"

सून रडायला लागली. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

मग शोध सुरू झाला. आदल्या दिवशी हरतालिकेचा उपास होता, काकी दिवसभर शहाळ्याच्या पाण्यावर होत्या आणि तशातच रात्री उशिरापर्यंत माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची सजवलेली चौकट, बांधणाऱ्यांच्या हाताखाली राबल्या होत्या. उपास असला तरी गोळ्या मात्र त्यांनी चुकवल्या नव्हत्या, कारण एकही गोळी चुकवायची नाही असे त्यांना बजावलेले होते. उपास आणि गोळी एवढ्यानेही साखर उतरू शकते, तरी ३४ हा आकडा माझ्या मनाला पटत नव्हता. मी मुलाला घरी पाठवून गोळ्या आणायला सांगितले. तो एक पारदर्शक प्लास्टिकची फाइल आणि खोक्यांनी भरलेली पिशवी घेऊन आला. काकी चैत्रात मुंबईला मुलाकडे गेल्या असताना छातीत दुखले होते, म्हणून आधी हृदयरोगतज्ज्ञांना आणि मग मधुमेहतज्ज्ञांना दाखवले होते. मधुमेहतज्ज्ञांनी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी साखर उतरवणारी जोडगोळी दिवसातून दोनदा लिहून दिली होती. फाइलमधला क्रिएटिनिनचा अहवाल १.६ होता, म्हणजे मूत्रपिंडे मंदावलेली, आणि अशा शरीरातून या औषधाचा निचरा हळू होतो.

"आणि आमच्या गोळ्या?" मी विचारले. मुलाला आमच्या गोळ्या ठाऊकच नव्हत्या. सुनेला होत्या. ती पुन्हा घरी गेली आणि हळदीच्या रिकाम्या डब्यातून कात्रीने कापलेल्या पट्ट्या घेऊन आली. त्यांतल्या एका तुकड्यावर 'मेपिरा' एवढीच अक्षरे उरली होती आणि दुसऱ्यावर 'विक्रीसाठी नाही'. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, माझ्या सहीने. एकच औषध दोन ठिकाणांहून, दिवसाला ६ मिलिग्रॅम, गेले चार-पाच महिने. या काळात त्या माझ्यासमोर चारदा बसल्या होत्या, आणि चारही वेळा मी केसपेपरवर 'पूर्वीचीच औषधे चालू' असे लिहिले होते.

तासाभरात साखर पुन्हा ६२ वर घसरली. हे मला अपेक्षित होते. या जातीची औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहतात, त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे सुटला असे होत नाही, त्याला किमान चोवीस तास डोळ्यांसमोर ठेवावे लागते. १० टक्के डेक्स्ट्रोजचे ठिबक लावून दर तासाला बोट टोचायला जो माणूस लागतो, तो चतुर्थीच्या दिवशी आमच्याकडे नव्हता. मंजूर असलेले दुसऱ्या डॉक्टरांचे पद दोन वर्षे रिकामे आहे आणि एकच सिस्टर आदल्या रात्रीपासून उभी होती. मी स्वतः संदर्भचिठ्ठी लिहिली आणि ठिबक चालू ठेवून त्यांना १०८ रुग्णवाहिकेने पुढे पाठवले. तिसऱ्या दिवशी काकी घरी परतल्या. पुढे त्यांच्या वाडीत गेले तेव्हा कानावर आले ते असे, की काकींना मोठ्या दवाखान्यात नेले, मेंदूचा फोटो काढला, म्हणून वाचल्या. मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही.

त्याच दुपारी मी फाइलवरच्या क्रमांकावर मुंबईच्या मधुमेहतज्ज्ञांना फोन केला होता. मनात बराच राग साठलेला होता. मोठ्या दवाखान्यांतून आमच्याकडे एका ओळीची चिठ्ठीही येत नाही, आणि आलीच तर ती इंग्रजीत, आशाताईंना किंवा रुग्णाला न वाचता येणारी, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, स्वतःकडची नोंद उघडली आणि मला वाचून दाखवली. इतर औषधे कोणती, या रकान्यात 'काही नाही' असे लिहिले होते. त्यांनी विचारले होते. काकींनी नाही म्हटले होते.

माझा राग तिथेच विरला. हे का घडले याचा उलगडा पुढच्या सोमवारी काकी रांगेतून माझ्यापुढे आल्या तेव्हा झाला. "काकी, त्यांनी विचारलं होतं ना, दुसरं औषध घेता का म्हणून?" त्यांनी मान डोलावली. "इचारल्यानी. मी म्हटलंय, नाय. मॅडम, तुमच्यो गोळ्यो त्यो खयचा औषध? त्यो आपल्यो हयल्यो."

त्यात आमचा अपमान नव्हता. आपल्या इथल्या, म्हणजे घरच्या. कोकमाचे सार, तुळशीचा काढा, बाईंनी दिलेली गोळी, सगळे एका फडताळातले. त्या दिवशी मी त्यांना मुंबईच्या भेटीविषयी खोदून विचारले. ठेवणीतले लुगडे नेसून त्या गेल्या होत्या. तीन तास थंडगार खोलीत बसल्या. आत गेल्यावर बोलणे मुलाने केले, डॉक्टरांनी कागद पाहिले, आणि दहा-बारा मिनिटांत त्या बाहेर आल्या. त्यांना हात लावून कोणी तपासले का, ते त्यांना आठवत नव्हते. रात्री चारदा उठावे लागते हे त्यांनी सांगितले नाही, कारण एवढ्या मोठ्या माणसाला असले काय सांगायचे. पायाची आग होते हेही नाही. तरीही त्या भेटीविषयी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. तिथे त्यांना 'दाखवले' होते. आमच्या भागात माणूस मोठ्या डॉक्टरला दाखवायला जातो आणि आमच्याकडे गोळ्या न्यायला येतो. ही दोन क्रियापदे मी अकरा वर्षे ऐकत आले आहे आणि त्यांचा अर्थ मला आता कुठे कळतो आहे. रात्रीचे उठणे, पायाची आग, सुनेशी झालेली कुरबूर, सगळे त्या मला सांगतात. गोष्ट माझ्याकडे असते आणि कागद मोठ्या डॉक्टरांकडे. औषध म्हणून जे मोजले जाते तेही त्यांच्याकडेच.

गोष्ट माझ्याकडे असते असे म्हणताना ती ऐकायला मी किती वेळ देते, हेही सांगितले पाहिजे. सोमवारी आमच्या बाह्यरुग्ण विभागात सव्वाशे माणसे असतात. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात प्राथमिक सेवेतील डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा ६७ देशांचा आढावा आला होता, त्यात स्वीडनचा डॉक्टर साडेबावीस मिनिटे देतो आणि बांगलादेशातला ४८ सेकंद, असे होते. माझे दोन मिनिटांच्या आसपास जमते, आणि त्यातला बराच भाग ऑनलाइन नोंदी भरण्यात जातो. डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे हा निकष कागदावर आहे, पण त्या केंद्रात बसलेल्या डॉक्टरने रुग्णाच्या घरातला डबा कधी उघडून पाहायचा, याचा विचार कोणी केलेला मला दिसत नाही. आमच्या आशाताईंनी काकींकडे ती नवी खोकी जुलैतच पाहिली होती. मॅडमना ठाऊक असेल, असे त्यांना वाटले. त्यांच्यावर मी चिडले नाही, कारण आशाताईंनी मला काही सांगावे यासाठी आमच्या आठवड्यात वेळच राखलेला नाही, बैठका सगळ्या आकड्यांच्या असतात.

आता मी प्रश्न बदलला आहे. दुसरे औषध घेता का, असे न विचारता सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय टाकता, असे विचारते, आणि पिशवी, डबा, चंची जे असेल ते टेबलावर ओतायला लावते. रांग लांबते, मागचे लोक कुरकुरतात. पहिल्याच महिन्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी घेणारी तीन माणसे सापडली. काकींची ग्लिमेपिराइड आम्ही दोन्हीकडून बंद केली. मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून नवी औषधे ठरवली, ती मराठीत एका कागदावर लिहिली आणि तो कागद त्यांच्याच हाताने त्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेववून घेतला.

गोळ्यांच्या पट्ट्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गोळ्या कापून देताना नाव रुग्णाच्या तुकड्यावर राहील असे कापा, असे मी आमच्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांनी एक पट्टी माझ्यापुढे धरली. नाव एकाच टोकाला छापलेले होते. "मॅडम, यांना नाव दिलं तर पुढच्याला बिननावाची पट्टी जाते," ते म्हणाले. अख्खी पट्टी प्रत्येकाला देण्याइतका साठा महिन्याच्या अखेरीस राहत नाही. तेव्हापासून ते कागदाच्या पाकिटावर जाड पेनाने औषधाचे नाव लिहून त्यात तुकडा घालतात. परवा एका आजोबांनी आणलेले पाकीट मी पाहिले, तर पावसात भिजून त्यावरची शाई पसरली होती आणि फक्त 'सकाळी १' एवढे वाचता येत होते.