आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप कशी मिळवली: एका एसी मेकॅनिकचा अनुभव

दहावीनंतर मी आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड घेतला. दोन वर्षांचा. मामा म्हणत होते, फिटर हो, कुठेही चालतं. पण आमच्या कांजूरमार्गच्या आसपास जिथे पाहावं तिथे टॉवर आणि ऑफिसं उभी राहत होती आणि प्रत्येकात एसी होता. प्रवेश ऑनलाइनच होतो. आयटीआय आणि ट्रेड यांचे पर्याय क्रमाने भरायचे, गुणांप्रमाणे फेरीत जागा लागते. माझा हाच पर्याय वर होता.

वर्कशॉपमध्ये सुरुवात तांब्याच्या पाइपपासून झाली. कापायचा, कडेची बर म्हणजे कापताना राहिलेली धार काढायची, फ्लेअर करायचा म्हणजे टोक फुलवायचं, ब्रेझिंग म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायचा. फ्लेअर नीट बसला नाही तर पुढे गॅस गळणारच. मग नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने लीक शोधायचा आणि व्हॅक्यूम पंप लावून लाइनमधली हवा व ओल काढायची. गिऱ्हाईक म्हणतं ‘गॅस संपलाय’. सर मात्र रोज बजावायचे की गॅस वापरून संपत नाही, तो कुठूनतरी गळतो. ती जागा सापडल्याशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. हे शिक्षण मला सोन्यासारखं वाटतं, कारण बाजारात लीक न शोधता गॅस भरून देणारे खूप भेटतात. शिवाय गॅसही बदलत गेले. ओझोनच्या थराला अपाय करणारा आर-२२ हळूहळू बंद होतोय आणि नव्या स्प्लिट एसीत बहुतेक आर-३२ येतो. त्याचं प्रेशर जास्त, आणि तो थोडा ज्वलनशीलही आहे. जुन्या सवयीने काम करणाऱ्याच्या जिवाला त्यात धोका असतो.

परीक्षा झाली, ट्रेड सर्टिफिकेट मिळालं. खरी धडपड त्यानंतरची, आणि हे लिहितोय तेही त्यासाठीच.

एका सर्व्हिस कंत्राटदाराने लगेच बोलावलं. ‘ट्रेनी म्हणून ये, शिकशील, नंतर पगार वाढवू.’ कागद काहीच नाही. मी विचारलं, अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे करारावर काम करत शिकण्याच्या, सरकारी पोर्टलवर करार नोंदवणार का? ते टाळत राहिले, म्हणून मी गेलो नाही. घरात पैशांची गरज होती, तरी आईने मला साथ दिली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

अप्रेंटिसेस ॲक्ट १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड, म्हणजे शिकतानाचा भत्ता, ठरला. रक्कम मुंबईत पुरत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. लोकलचा पास आणि डबा यातच बरीचशी जाते. पण नोंदलेल्या कराराशिवाय शेवटची परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट नाही. दुसरी गोष्टही आधी समजून घ्या: करारात तसं लिहिलं नसेल तर अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नसतं.

पोर्टलवरून मला एका मोठ्या इमारतीच्या देखभालीचं काम मिळालं. सुरुवातीला आम्हा मुलांना नुसते फिल्टर धुवायला लावायचे. मी ट्रेडच्या अभ्यासक्रमाची प्रत घेऊन सुपरवायझरना भेटलो आणि शांतपणे सांगितलं, साहेब, यातलं चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीसाठी पाणी थंड करणारं यंत्र, आणि कंट्रोल पॅनलचं काम मला शिकायचंय. त्यांनी चिलर प्लँटवर घातलं. तिथे कूलिंग टॉवर, पंप, पाण्याची ट्रीटमेंट असं सगळं हाताखालून गेलं. प्रत्येक दिवसाचं काम वहीत लिहीत गेलो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत हीच वही मुलाखत घेणाऱ्यांनी पानन्‌पान पाहिली.

आता मी एका हॉस्पिटलच्या एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी) टीममध्ये आहे. ऑपरेशन थिएटरची हवा सांभाळणं आणि बंगल्यातला एसी दुरुस्त करणं यांत फार फरक आहे. आमच्या बॅचमधला एक जण मासळीच्या कोल्ड स्टोरेजला लागला, तिथे अमोनियाचे प्लँट आहेत. एक जण नवी मुंबईत डेटा सेंटरला रात्रपाळी करतो. मुंबईत डिसेंबर २०१७ पासून एसी लोकलही धावतायत. रेल्वेत जायचं असेल तर अप्रेंटिसशिप रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये करायचा प्रयत्न करा. रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या, भरतीत तिथल्या अप्रेंटिसना २० टक्के जागा राखीव असतात. परळ, माटुंगा, लोअर परळ ही वर्कशॉप मुंबईतच आहेत, आणि तिथे अप्रेंटिसची निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते. म्हणून आयटीआयच्या दोन्ही वर्षांचे मार्क जपा, आणि जाहिरात आली की शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.