लॅपटॉप द्या, बारा शब्द नको

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवून आणायची आपल्या इंदूरात रीतच आहे. वर पासवर्ड, खाली मोबाईल नंबर, आणि एखादा फारच व्यवस्थित असेल तर फोनच्या पॅटर्नचं चित्रसुद्धा. जेल रोडच्या गल्लीत इतकी वर्षं बसल्यावर मला त्याचं काही वाटेनासं झालंय. पण अलीकडे अधूनमधून त्या चिठ्ठीवर बारा इंग्रजी शब्द ओळीने लिहिलेले असतात. हे शब्द म्हणजे क्रिप्टोच्या, बिटकॉइनसारख्या डिजिटल पैशांच्या, वॉलेटची किल्ली. "वॉलेट उघडतंय का, तेही बघून घ्या." मग मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतो आणि सांगतो, काका, हे मी वाचलं, माझ्या पोऱ्यानं वाचलं. आधी घरी जाऊन नवीन वॉलेट काढा, पैसे तिकडे हलवा. लॅपटॉप उद्या आणलात तरी चालेल. यावरचं उत्तर ठरलेलं: "अहो, तुमच्यावर विश्वास आहे आमचा!"

असेल. पण चिठ्ठी दुकानात आठ-आठ दिवस पडून असते, आणि दुकानात दिवसभर कोण कोण येऊन जातं.

क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये यात मी पडत नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कुठल्या कमाईतून वजा करता येत नाही, तरी लोक घेतात. त्यांची मर्जी. माझा संबंध येतो तो यंत्राशी, आणि या यंत्राबद्दल लोक मला जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात तो असा: "फॉरमॅट मारला तर कॉइन उडतील का हो?"

कॉइन लॅपटॉपमध्ये नसतातच. कुठल्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकच म्हणा, किती जमा आहे याची नोंद जगभरच्या संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. तुमच्याजवळ असते ती फक्त त्या पत्त्यावरून पैसे हलवायची किल्ली. ती किल्ली म्हणजे लांबलचक आकडा. माणसाला तो कागदावर उतरवता यावा म्हणून त्याचे बारा किंवा चोवीस शब्द केलेले असतात. २०१३ साली ठरलेली २०४८ शब्दांची यादी आहे, बहुतेक वॉलेट तीच वापरतात. यादी अशी बेतलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता यावा. तुमच्या सोयीसाठीच हो, पण म्हणूनच अर्धवट खोडलेली चिठ्ठीसुद्धा चोराला पुरते.

आता यातली खरी मेख. वॉलेट उघडताना जो पासवर्ड टाकता, तो फक्त या लॅपटॉपवरचं अ‍ॅप उघडतो. ते बारा शब्द ज्याच्या हाती लागले त्याला तुमचा पासवर्डही नको आणि तुमचा लॅपटॉपही नको. तो आपल्या फोनवर तेच वॉलेट उभं करतो. लोक दुकानात येऊन समाधानानं सांगतात, "संशय आला म्हणून पासवर्ड बदलून टाकला." बदला की, पण शब्द तेच राहतात. शब्द फुटले असतील तर पासवर्ड बदलून, फॉरमॅट मारून, अगदी नवा फोन घेऊनही काही फरक पडत नाही. स्वच्छ यंत्रावर नवे शब्द असलेलं नवं वॉलेट काढायचं आणि सगळं तिकडे हलवायचं, एवढाच उपाय. मी हे प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण पहिल्या वेळी मान हलते पण कळलेलं नसतं.

मल्हारगंजातला एक फोटोग्राफर आहे, लग्नाचे अल्बम बनवणारा. त्यानं स्वतःच्या वॉलेटमधून एक्स्चेंजवरच्या, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारावरच्या, स्वतःच्याच खात्यात यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले कॉइन) पाठवले, ते पोचलेच नाहीत. एक्स्चेंजवाल्यांनी खाल्ले असं म्हणत तो तणतणत आला. मी नोटपॅड उघडलं, त्याच्या खात्याचा पत्ता कॉपी केला आणि पेस्ट केला. ट्रॉन या नेटवर्कवरचा पत्ता ३४ अक्षरांचा, सुरुवात 'टी'ने. पेस्ट झालेलाही 'टी'नेच सुरू होणारा, ३४ अक्षरांचाच, पण दुसराच! पुन्हा केलं, पुन्हा तोच परका पत्ता. फोटोग्राफर खुर्चीत बसला. "भिया, ये तो मेरा है ही नहीं."

क्लिपर म्हणतात व्हायरसच्या या जातीला. काही न करता नुसता बसून असतो आणि तुम्ही काय कॉपी करता ते बघतो. साधा मजकूर असेल तर हात लावत नाही. पत्त्यासारखं काही दिसलं की क्षणात त्या जागी आपल्या मालकाचा पत्ता ठेवतो. २०२२ मध्ये लाप्लास नावाचा एक क्लिपर सापडला, तो तर तुमच्या पत्त्याशी मिळताजुळता दिसणारा पत्ता तयार करून द्यायचा. म्हणून पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून "जुळलं" म्हणायची जी सवय आहे, ती सोडा. मधली अक्षरंही बघा. फोनवाल्यांनी निवांत राहू नये. २०१९ च्या फेब्रुवारीत इसेट या सुरक्षा कंपनीच्या लोकांना गूगल प्लेवरच असा क्लिपर सापडला होता, मेटामास्क या प्रसिद्ध वॉलेटचं नाव लावून. मेटामास्कनं तेव्हा फोनसाठी अ‍ॅप काढलेलंही नव्हतं!

फोटोग्राफरच्या यंत्रात तो आला कुठून? फोटो एडिटिंगचं क्रॅक केलेलं, म्हणजे फुकट चालावं म्हणून कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर आणि परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर. अँटिव्हायरस बंद. मी विचारलं, बंद कोणी केला? तर म्हणे, क्रॅकसोबतच्या फाइलमध्येच लिहिलेलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, मगच चालेल. म्हणजे चोरानं सांगितलं कुत्रं बांधून ठेवा, आणि यानं बांधलं.

हा विषय माझ्या धंद्याला झोंबणारा आहे, तरी लिहितो. "विंडोज टाकून द्या, ओरिजिनल नको" हे वाक्य आमच्या बाजारात दिवसभर ऐकू येतं, आणि पाच-सातशे रुपयांत सगळं टाकून देणारेही बसलेत. २०२१ च्या डिसेंबरात रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं दाखवलं होतं की केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावानं फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा व्हायरस येतो आणि ब्राउझरमधले पासवर्ड, वॉलेटच्या फाइली उचलून नेतो. ब्राउझरच्या एक्स्टेंशनमधलं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधलं, वॉलेट आपली किल्ली त्याच लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये, तुमच्या पासवर्डनं कुलूप लावून ठेवतं. चोर ते फोल्डर जसंच्या तसं उचलतो आणि आपल्या घरी बसून पासवर्ड लावत राहतो. पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असेल, तर त्याला रात्र जागायचीही गरज नाही.

माझं ऐकाल तर ज्या यंत्रावर एक जरी क्रॅक आहे, त्यावर वॉलेट ठेवू नका. मोठी रक्कम असेल तर पैशांचं यंत्र वेगळंच ठेवा. साधा, नवा, स्वस्त फोन चालेल. त्यात गेम नको, बाहेरून उतरवलेली एपीके फाइल नको, घरातल्या पोरांचा हात नको.

भंवरकुआँकडची कोचिंगवाली पोरं येतात, त्यांच्याकडे दुसराच रोग. वेबसाइटवर "मी रोबो नाही" असा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की सांगतात, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. क्लिक करताक्षणीच क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे थांबतं तिथे, एक आज्ञा आलेली असते, पोरगा ती आपल्या हातानं पेस्ट करून चालवतो. पासवर्ड आणि वॉलेट चोरणारा लुम्मा नावाचा व्हायरस असा पुष्कळ पसरला. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये त्याची यंत्रणा मोडली, तेव्हा सांगितलं की दोनच महिन्यांत ३,९४,००० विंडोज संगणक त्याच्या विळख्यात आले होते. खरा कॅप्चा, म्हणजे तो रोबोवाला चौकोन, तुम्हाला कधीही विंडोजचं बटण दाबायला सांगत नाही.

फोटोंबद्दल. बारा शब्द कागदावर लिहितात आणि कागद हरवला तर म्हणून लगेच फोटो काढून ठेवतात. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघडकीला आणला. गूगल प्ले आणि अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर, दोन्हींवरच्या अ‍ॅपमध्ये तो दडलेला होता. गॅलरीची परवानगी मागायचा, फोटोंमधली अक्षरं वाचायचा आणि वॉलेटचे शब्द दिसले की फोटो पाठवून द्यायचा. "आम्ही फोटो नंतर डिलीट केला" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. डिलीट केलेले फोटो परत काढून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेल्या फोटोच्या तर किती प्रती कुठे कुठे गेल्या, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली आत ठेवणारं छोटं वेगळं यंत्र, चांगलं. किल्ली त्याच्या बाहेर पडत नाही, आणि पत्ता त्याच्या छोट्या पडद्यावर दिसतो. लॅपटॉपच्या पडद्यावर नव्हे, तिथे जुळवायचा. पण कंपनीकडूनच घ्या, सेकंडहँड किंवा 'सीलपॅक, अर्ध्या किमतीत' असलं घेऊ नका. आतली चिप बदललेला, दिसायला हुबेहूब असा ट्रेझर या ब्रँडचा नकली वॉलेट २०२३ मध्ये सापडलेला आहे. आणि खोक्यात शब्द आधीच छापलेले निघाले, तर ते वॉलेट दुसऱ्याचं आहे, एवढं समजा. शब्द नेहमी तुमच्यासमोर, त्या यंत्रानं नवे काढायचे असतात. पडद्यावर न कळणारं काही दिसलं तर मंजुरी देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, त्यात व्यवहाराला मंजुरी देणाऱ्यांना संगणकावर सगळं ठीकठाकच दिसत होतं.

जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करणारेही बरेच आहेत. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता बनवून तिथून तुम्हाला शून्य किंवा चिल्लर रक्कम पाठवतो, म्हणजे तो यादीत वर येऊन बसतो. मे २०२४ मध्ये एकानं असे ११५५ डब्ल्यूबीटीसी (बिटकॉइनच्या भावाला बांधलेलं कॉइन), म्हणजे जवळपास सात कोटी डॉलरचा माल, भलत्याच पत्त्यावर पाठवला. त्याचं नशीब की चोरानं बराचसा परत केला. आपल्याला कोण परत करणार?

आणि एक गंमत, आमच्या रामबागेतल्या एका ओळखीच्या काकांना आलेली. व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये कोणीतरी भाबडेपणानं लिहिलं होतं: माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, काढायचे कसे, हे माझे बारा शब्द. काकांनी शब्द टाकले, खरंच पैसे दिसले. मोह कोणाला सुटलाय! पण ट्रॉनवर पैसे हलवायला फी म्हणून थोडे टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचेच कॉइन, लागतात, ते तिथे नव्हते. काकांनी आपल्या खिशातले घातले. गेले. त्या वॉलेटला एकाहून जास्त किल्ल्यांची मंजुरी लागेल अशी तजवीज केलेली असते, त्यामुळे शब्द हाती असूनही यूएसडीटी हलत नाहीत, आणि फी म्हणून आलेली रक्कम लगोलग उचलली जाते. चोरावर मोर. काकांनी मला हे सांगताना "मी फक्त त्या बिचाऱ्याला मदत करत होतो" असं म्हटलं, आणि काकूंनी आतून खोकून दाद दिली.

पैसे गेल्यावर येणारे भामटे तर आणखी वाईट. टेलिग्रामवर तक्रार लिहिली की दहा मिनिटांत 'सपोर्ट' हजर होतो, लिंक देतो, शब्द विचारतो. गेलेले कॉइन परत आणून देतो म्हणणारे 'हॅकर' आगाऊ फी मागतात. दुरून तुमचं यंत्र चालवू देणारं एनिडेस्क टाकायला सांगतात. कुठल्याही खऱ्या कंपनीच्या माणसाला तुमचे शब्द लागत नाहीत, मलाही लागत नाहीत.

चोरी झालीच तर आधी दुसऱ्या, स्वच्छ फोनवर नवं वॉलेट काढून उरलेलं हलवा. मग १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळखक्रमांक), चोराचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं जोडा. रक्कम बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून गेली असेल तर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. आणि घाबरून लॅपटॉप फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच असतो. नुसता बंद करून ठेवा.

आता दिवाळीच्या आधी जुने लॅपटॉप विकायला येतील, म्हणून एवढं सांगतो. वॉलेटचे शब्द कागदावर नीट उतरले आहेत ना, ते दुसऱ्या फोनवर एकदा वॉलेट उभं करून तपासा, मगच एक्स्टेंशन काढा. विंडोज रीसेट करताना नुसतं 'सगळं काढा' म्हणून थांबू नका, खाली ड्राइव्ह साफ करायचा पर्याय असतो, तो निवडा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. तरीही मन धजत नसेल तर लॅपटॉप डिस्कविना विका. डिस्क काढून तुमच्या हातात द्यायचे मी पैसे घेत नाही.