वडिलांचा सर्व्हिस नंबर आणि अडकलेली फाईल : माझा अनुभव

2019 च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि अण्णांचं (माझे वडील) एअर फोर्सचं डिस्चार्ज बुक (नोकरी संपताना मिळणारं, सेवेच्या नोंदींचं पुस्तक) भिजून त्याचा लगदा झाला. अण्णा होते तोवर त्याची गरज पडली नाही. ते गेल्यावर माजी सैनिकाची पत्नी म्हणून आईच्या ओळखपत्रासाठी पहिला कागद तोच मागितला.

पोलिसांचा दाखला, अ‍ॅफिडेव्हिट हे पटापट झालं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या लोकांनी बुकाच्या नकलेसाठी अर्ज कसा लिहायचा ते नीट सांगितलं. अडलं ते पुढच्या एका ऑफिसात. सर्व्हिस नंबर आणा, बास, एवढंच. अहो, नंबर त्या बुकातच होता आणि बुक पुरात गेलंय म्हणून तर अर्ज केलाय! अण्णा ठरलेली मुदत संपवून आलेले, पेन्शन नाही, म्हणजे बँकेतही काही नोंद नाही. नुसत्या पाटील आडनावावर शोधता येत नाही हे मला पटतं, पण नंबर अजून कुठे मिळू शकतो हे एकाही माणसाने सांगू नये? दरवेळी नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा. एकाने अर्ज वाचून विचारलं, पायलट होते का? म्हटलं नाही, आर्मरर होते, म्हणजे विमानाच्या तोफा भरणारे आणि सांभाळणारे, तर म्हणे मग लढाऊ विमानाचं कशाला लिहिलंय. डोक्यात तिडीकच गेली.

अण्णा 1971 ला श्रीनगरला नॅट विमानांवर होते. इवलंसं विमान, त्याला 30 मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाजूला बसवलेल्या. त्या जाम व्हायच्या, 1965 च्या लढाईपासूनची तक्रार होती ती, त्यामुळे गोळ्यांचा पट्टा भरताना प्रत्येक गोळी हाताने चाचपून बघायची, आणि डिसेंबरच्या थंडीत हातमोजे घालून ते जमायचं नाही असं अण्णा सांगायचे. 14 डिसेंबरला पाकिस्तानची सेबर विमानं श्रीनगरवर आली, बाँब पडत असताना निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उडाले, शेवटी एकटे लढले आणि शहीद झाले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ते विमान उडण्यापूर्वी कुणाच्या तरी हातांनी भरलेलं असतं ना? मग अर्जात विमानाचं नाव मी लिहिणारच.

नंबर शेवटी आईमुळे मिळाला. तिने पत्र्याच्या पेटीतून अण्णांचं संग्राम मेडल (1971 च्या लढाईतल्या सेवेबद्दल मिळालेलं) काढलं. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा अंक दिसले, एक 3 आहे की 8 यावर मात्र घरात बराच वेळ गेला, मग मोठा करून फोटो काढला आणि तोच अर्जाला जोडला. त्यानंतर फाईल सरळ पुढे गेली, नक्कल पोस्टाने आली, आणि त्यात ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, आर्मररच लिहिलाय. आईने तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

ज्यांच्या घरी अशी मेडल आहेत त्यांनी ती पितांबरीने घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. आणि हो, पुराच्या पंचनाम्याची नक्कल तलाठ्याकडून घेऊन ठेवा, बुक कसं गेलं याला मला तीच कामी आली. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये नाव मेडलवर जसं आहे तसंच लिहा, आद्याक्षरं आधी की आडनाव आधी इथपर्यंत.