सावंतवाडी ते ओल्ड गोवा, पायी

मी वसईची, पण मावसबहिणीचं सासर सावंतवाडीचं, म्हणून त्यांच्या ग्रुपमधून निघाले. 2024 चं साल, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या दर्शनाचं, 21 नोव्हेंबरलाच सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाची पेटी ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमधून से कॅथेड्रलमध्ये आणलेली, त्यामुळे गर्दी तुफान असणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मला गर्दीचं काही नव्हतं. मला देवाशी बोलायचं होतं. आमच्या घरात ऑल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी आहे, दारावर क्रूस, गळ्यात क्रूस, गाडीच्या आरशाला रोजरीची जपमाळ, रविवारी वेदीची फुलं मी लावते, क्वायरमध्ये मी गाते, आणि एवढं सगळं असून कित्येक महिने देवासमोर बसलं की तोंडातून फक्त पाठ असलेलं यायचं, माझं स्वतःचं असं एक वाक्य नाही. रोजरीतली नमो मरिया चालू केली की पाचवं रहस्य, म्हणजे शेवटचा टप्पा, कधी संपलं तेही कळायचं नाही. ही भूक कुणाला सांगणार, लोक म्हणतात तू तर रोज चर्चमध्ये मिस्साला असतेस, तुला काय कमी.

पुढे टेम्पो, टेम्पोवर स्पीकर. भक्तिगीतं, मग रोजरी, मग परत भक्तिगीतं, आणि मधेमधे टोपी घाला, लाइनीत चला, बॅनर पुढे घ्या. बांद्याच्या मुक्कामात क्रूस कोण धरणार यावरून दोन जण चांगलेच भांडले, कारण पणजीत फोटो निघतात. खरा क्रूस ज्यानं उचलला तो एकटा होता, आणि त्याच्या मदतीला आणलेल्या सिमोनलाही शिपायांनी जबरदस्तीनं पकडून आणलेलं, हे माझ्या मनात आलं आणि मला रडूच आलं, तिथे सतरंजीवर पडल्या पडल्या.

पत्रादेवीला हुतात्म्यांच्या स्मारकापाशी पाणी प्यायलो आणि गोव्यात शिरलो. हायवे रुंद केलाय, पण चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली म्हणून नाही. डाव्या टाचेला फोड आला होता, तो चालताना बुटाला घासत होता, वरून ऊन, समोर तो स्पीकर, आणि मी चालता चालता मोठ्यानं म्हणाले, बापा, मला काहीच ऐकू येत नाहीये, तुझंही नाही, आणि मला तुझा राग आलाय. शेजारच्या मावशीनं बघितलं माझ्याकडे. पण किती दिवसांनी ते वाक्य माझं होतं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आत्ताही नाही.

धारगळच्या आसपास मी मागे पडले. रस्त्याला लागून एक घर, अंगणात तुळस, पायरीवर एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसलेली. मी फक्त पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि माझ्या चालीकडे बघून म्हणाली, "बस गो बाय हांगा, पांय दाखय." मी नको नको म्हणत पाय ओढून घेतला, तर तिनं घोटा धरलाच. बालदीत कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं, दोन्ही पाय आत घातले आणि हातानं चोळून धुतले, बोटांच्या बेचक्यात अडकलेली माती, घाम, सगळं. मग सुई जाळावर धरली, तिच्यात पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी निथळत राहतं आणि कातडी निघत नाही. दुखलं फार नाही. मग पेज आणि कैरीचं लोणचं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात. आधी फक्त पुरुष असायचे, 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि नंतर एका वर्षी त्या बारांत मीही बसले. सगळे घरून पाय स्वच्छ धुऊन येतात, नवीन टॉवेल असतो, पाण्याची झारी असते, आणि तो विधी मला आवडतो, आजही आवडतो. पण येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र "माझे पाय तू नाही धुवायचे" असं का म्हणाला असेल हे मला त्या पायरीवर कळलं. कुणीतरी तुमची घाण हातात घेतंय हे सहनच होत नाही. त्या बाईच्या घरात ना क्रूस ना येशूचा फोटो, आणि तो तिथे होता, अगदी माझ्या टाचेपाशी.

निघताना तिनं एवढंच सांगितलं, "सायबाक म्हज्या नातवाचें सांग. तीन वर्सांचो जालो, अजून उलयना." आतून ते पोरगं दाराला धरून बघत होतं.

कोलवाळचा पूल, म्हापशाचं मिलाग्र सायबिणीचं चर्च, पर्वरी, मांडवी, सगळं पायाखालून गेलं.

पणजीहून रायबंदरला जाणारा तो लांबलचक जुना बांध पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला, त्यावर आम्ही पहाटे लागलो. स्पीकरची बॅटरी गेलेली. कुणीतरी हळू आवाजात नमो मरिया धरली आणि ती पावलांच्या ठेक्यावर पुढून मागे, मागून पुढे जायला लागली. तीच रोजरी, तेच मणी, आणि मी प्रत्येक मण्याला त्या पोराला धरून होते. आमच्याकडे काही प्रार्थना ग्रुपवाले म्हणतात, मूर्ती काढा, मणी टाका, मगच देव भेटतो. मला ते पटत नाही. मणी आड येत नाहीत, आपण मण्यांवरच थांबतो तेव्हा अडतं. बायबलातल्या शोमरोनी बाईनं येशूला विचारलंच होतं की भजायचं कुठे, या डोंगरावर की यरुशलेमेत, आणि त्यानं डोंगरही दिला नाही आणि शहरही दिलं नाही, पित्याला आत्म्यानं आणि खरेपणानं भजणारे हवेत म्हणाला. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पायरीवरच्या त्या बाईला त्यांनी नक्की आत घेतलं असतं.

से कॅथेड्रलची रांग खूप लांब. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 ला गोव्यात उतरला, इस्पितळात आजाऱ्यांशेजारी झोपायचा, घंटी वाजवत रस्त्यानं पोरं गोळा करायचा, आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर गेला, हाताशी जवळजवळ काही नसताना. चांदीची पेटी नंतरची, 1637 ची, गोव्याच्याच कारागिरांची, अप्रतिम काम. पण मी रांगेत त्या घंटीवाल्याला शोधत होते. काचेपाशी दोन-तीन सेकंद मिळाले, मग स्वयंसेवकानं पुढे सरकवलं. मी एवढंच म्हणाले, सायबा, धारगळचं ते पोरगं बोलत नाही, येशूला सांग.

आता रोज आधी त्याचं सांगते, मग माझं, चिडले असेन तर तेही, आणि मग रोजरी. पुढच्या नोव्हेंबरात परत त्याच रस्त्यानं जायचंय, तिच्या पायरीवर थांबून विचारायचंय.