गिलबर्ट हिल ते महाकाली लेणी: मुंबईतला लाव्हा पाहायला जाताना

गिलबर्ट हिल ही अंधेरीतली लाव्हाच्या खांबांची टेकडी आधी खालून पाहा, मग वर चढा. बरेच जण थेट पायऱ्या चढून देवळात जातात, वरून शहराचे फोटो काढतात आणि ज्यासाठी यायचं ते न पाहताच परततात. अंधेरी पश्चिमेला रिक्षावाल्याला टेकडीचं नाव सांगितलं की पुरतं. मेट्रोने आलात तर आझादनगरला उतरून रिक्षा करा. आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी लवकर गेलो. गल्ल्या मोकळ्या होत्या आणि उन्हाचा ताप नव्हता.

घरांच्या पत्र्यांमागे साठेक मीटरचा काळा कडा एकदम उभा राहतो. नीट बघितलं की तो कडा सलग नाही, एकमेकांना चिकटलेले उभे खांब आहेत हे कळतं. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे थंड होत जाणाऱ्या पृष्ठभागापासून आत सरळ वाढत जातात. त्यातून असे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. इतके उंच खांब जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. त्यांना इमारतींनी आणि झोपड्यांनी असं वेढलेलं बघून जीव तुटतो. एकेकाळी इथे दगडाच्या खाणी चालत. १९५२ साली टेकडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, २००७ साली महापालिकेने तिला वारसा यादीत घेतलं, म्हणून निदान एवढी तरी उरली.

डायनासोर ज्याने संपले तोच हा दगड, असं इथे हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. दख्खनचं पठार ज्याने बनलं त्या लाव्हाचा मुख्य लोंढा आला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे, आणि डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. गिलबर्ट हिलच्या दगडाचं वय मोजलं तेव्हा ते ६ कोटी वर्षांच्या आसपास भरलं. म्हणजे डायनासोर जाऊन लाखो वर्षं लोटल्यावरही मुंबईत लाव्हा येतच होता. मला ही गोष्ट त्या ऐकीव कथेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

मुख्य लोंढा जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून आला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. लाव्हाखाली सापडलेलं सगळं जळालं, पण साऱ्या पृथ्वीला घोर लावला तो वायूंनी. सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले सूक्ष्म कण ऊन अडवतात, त्यामुळे काही वर्षं गारठा पडतो. कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षं टिकून उष्मा वाढवतो आणि समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकवतो, मग शिंपल्यांना कवच बांधणंही जड जातं. त्यातच मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळला. बहुतेक शास्त्रज्ञ अंतिम घाव त्याचाच मानतात. गेर्टा केलर यांच्यासारखे संशोधक मात्र दख्खनकडे बोट दाखवतात. लाव्हाला निर्दोष ठरवू नये असं मला वाटतं, कारण २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात असाच लोंढा आला, मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कोळशाच्या आणि मिठाच्या थरांत शिरला आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा विनाश झाला.

याच मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती आणि त्यांत बेडूक नांदत होते. तो थर आज सहज बघायला मिळत नाही, म्हणून त्यासाठी वरळीला खेपा घालू नका.

त्याऐवजी अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी गाठा. इथला दगड वेगळा आहे. तुकडे एकमेकांत घट्ट बसून बनलेला हा ज्वालामुखीचा खडक आहे. भिंतीजवळ टॉर्च आडवा धरा, धारदार कडांचे लहानमोठे तुकडे उठून दिसतील. हा दगड लवकर झिजतो, त्यामुळे मूर्ती पुसट झाल्या आहेत. नववं लेणं चुकवू नका, आतला स्तूप बघण्यासारखा आहे.

गिलबर्ट हिलच्या कड्याखाली फार वेळ रेंगाळू नका, दगड सुटतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. गल्लीत लोकांची घरं आहेत, कॅमेरा काढण्याआधी विचारा. वर चढलात तर देवळाबाहेर चप्पल काढा, आणि दोन्हीकडे दगडाचा कपचा खिशात घालू नका. दोन्ही ठिकाणं मिळून अर्धा दिवस पुरतो. मुख्य लोंढ्याचे थर बघायचे असतील तर दुसऱ्या दिवशी कसाऱ्याकडून इगतपुरीचा घाट चढा. तिथे ते एकावर एक रचलेले दिसतात, आणि पावसाळा संपल्यावर, गवत वाळलं की, जास्त स्पष्ट.