ढकलता आली पाहिजे

जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, पत्रा वाजवून बघतात, खाली वाकून गंज शोधतात. मी पण हे सगळं अगदी शहाण्यासारखं केलं. फक्त एकच गोष्ट बघायची राहिली, ही खोलून परत नव्यासारखी करायचं काम मी करणार कुठे. ठेवायला जागा होती हो, बिल्डिंगखाली पांढऱ्या पट्ट्यांमधलं माझं पार्किंग, अडीच बाय पाच मीटर, आणि गाडी चारला जरा कमीच, म्हणजे मस्त बसते की! पण गाडी उभी करणं वेगळं आणि गाडी खोलणं वेगळं, हे पहिला दरवाजा काढून हातात धरला आणि आता हा टेकवू कुठे म्हणून इकडे तिकडे बघायला लागलो तेव्हा कळलं.

खोलली की गाडी फुगते. दरवाजे, बोनेट, डिकीचं झाकण, सीटा, डॅशबोर्ड, आणि काचा, ज्या आडव्या ठेवून चालत नाहीत, उभ्याच लागतात आणि त्याही कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी. नीट काम करायचं तर चारही बाजूंनी मीटरभर मोकळं हवं, म्हणजे झालं साधारण चार बाय सहा, आणि काढलेलं सामान ठेवायला जवळपास तेवढंच आणखी. म्हणजे एका गाडीला दोन गाड्या खोलण्याएवढी जागा, आणि माझ्याकडे धड एकीची नाही.

तरी पार्किंगमध्ये एका रविवारी ग्राइंडर लावलाच. पाच मिनिटांत वरच्या खिडक्या उघडल्या, ते अपेक्षितच होतं. पण खरा घोळ आठवड्याने झाला, शेजारच्या पांढऱ्या गाडीवर बारीक बारीक नारिंगी ठिपके उमटले. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कणच, ते रंगावर चिकटून बसतात आणि मग सावकाश गंजतात. दोन संध्याकाळी क्ले बार, म्हणजे रंगावरचे कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी, घेऊन दुसऱ्याची गाडी घासत होतो, स्वतःचीला हात न लावता. त्यानंतर पार्किंगचा विषय मी काढला नाही आणि कुणी काढू पण दिला नसता.

मग जागा शोधायला लागलो. प्रत्येक जागावाला पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती दिवस लागतील?" आणि प्रत्येक जुनी गाडीवाला उत्तर पण एकच देतो, तीन महिने. तीन महिन्यांत आम्ही गंजलेले बोल्ट काढून संपवत नाही, पण चार वर्षं म्हटलं तर कोण देणार जागा? सामान ठेवायला भाड्याने मिळतात त्या खोल्या बघितल्या तर तिथे पेट्रोल नको, वीज नाही, आत बसून काम तर नकोच. ओळखीतल्या मेकॅनिकच्या कोपऱ्यात ठेवली तर ती हळूहळू त्याचं टेबल होते, बोनेटवर टायर, टपावर सायलेन्सर. जर्मनीत म्हणे मीटवेर्कश्टाट नावाची गोष्ट असते, लिफ्ट आणि हत्यारं तासाच्या हिशोबाने भाड्याने, हे वाचून मला रात्रभर बरं वाटत होतं आणि सकाळी परत तेच.

अशा वेळी हेन्री फोर्ड आठवतो. 1896 चा जून, डेट्रॉइट, भाड्याच्या घरामागची शेड, तिथे गड्याने आपली पहिली गाडी बनवली आणि बाहेर काढायची वेळ आली तर दारातून मावेना! मग कुऱ्हाड घेऊन विटांची भिंत फोडली. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाने सुद्धा दाराचं माप आधी घेतलं नव्हतं. मी मात्र तेव्हापासून कुठेही जागा बघायला गेलो की आधी टेप काढतो, नमस्कार नंतर.

शेवटी शेतावरची एक शेड मिळाली, दार रुंद, वर पत्रे, खाली माती. मातीवर घोडी, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवतात तो लोखंडी स्टँड, लावायची नाही कधी, ती एका बाजूने खचते आणि तुम्ही गाडीखाली असता. जाड फळ्या टाकल्या, पण जमिनीतून ओल येतेच, मग खाली प्लास्टिक अंथरलं. वरून ताडपत्री गुंडाळायचा मोह झाला तो बरं झालं टाळला, आत वाफ धरून गाडी जास्त सडते. उघडा पत्रा तर दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो आणि साधा प्रायमर पाणी पितो, त्यामुळे नियम असा की घरी जायच्या आत जेवढं घासलं तेवढ्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे ओल आत न जाऊ देणारा पहिला थर, नाहीतर घासायचंच नाही. उंदरांना वायरिंग आवडतं म्हणून सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काढून घरी आणला. रंग मात्र तिथे करायचा नाही हे आधीच ठरवलं, टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगातलं आयसोसायनेट हे विषारी रसायन साध्या मास्कला जुमानत नाही, ते काम रंगाच्या बूथवाल्याचं.

आणि सगळ्यात मोठा नियम, गाडी कायम ढकलता आली पाहिजे. दुसऱ्याची जागा आहे, उद्या तो म्हणाला काढा तर काढायला हवी ना. म्हणून दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन एकदम सोडायचं नाही, एक कोपरा पूर्ण करून चाक लावायचं मग पुढचा. फ्लोअरचा पत्रा पण एका बाजूचा कापून वेल्ड झाल्यावरच दुसरीकडे. वेळ जास्त जातो, कबूल, पण ज्यांनी उत्साहात सगळी गाडी एकदम सुटी केली त्यांच्या गाड्या मी विकायला आलेल्या बघितल्यात, खोक्यांत.

बारीक कामं सगळी घरी. कार्ब्युरेटर जेवायच्या टेबलावर, वायपर मोटर मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये, पलंगाखाली नंबर टाकलेल्या पिशव्या, आणि कपाटावर स्टिअरिंग व्हील, भेगा भरून सुकत ठेवलेलं. घरचे आता काही हरवलं की आधी मला विचारतात.

तर परवा फोन आला, शेडमध्ये पीक ठेवायचंय, रविवारपर्यंत गाडी हलवा. मी अजिबात घाबरलो नाही! चारही चाकं जागेवर, टायरमध्ये हवा, हँडब्रेक सुटा. चार मित्र गोळा केले, सगळ्यांना आपला नियम आणि त्यामागची दूरदृष्टी रस्ताभर समजावून सांगितली, एक दोन तीन म्हणून जोर लावला आणि गाडी निघाली की हो, अगदी लोण्यासारखी, सरळ, आणि सरळच, दाराच्या खांबाकडे. कोणीतरी ओरडलं अरे वळव, आणि मी खिडकीतून हात आत घातला तेव्हा आठवलं की स्टिअरिंग व्हील कपाटावर आहे.

स्टिअरिंगच्या शाफ्टच्या टोकाला व्हाइस ग्रिप, म्हणजे घट्ट अडकून बसणारी पक्कड, लावून बाहेर काढली शेवटी. खांबाला थोडं खरचटलंय, ते अजून सांगितलेलं नाही.